‘द आर्टिस्ट’ : मूकपटाला मुजरा, आणि तो नीट दाखवायचा कसा

सिनेमा सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात. थेटरातल्या पडद्यावर जॉर्ज व्हॅलेंटिनचा नवा मूकपट संपत आलाय, खाली वाद्यवृंद जोरात वाजतोय आणि पडद्याच्या मागे खुद्द जॉर्ज, त्याची नायिका, स्टुडिओचा मालक असे सगळे ताटकळत उभे आहेत. चित्रपट संपतो, वाद्यवृंद थांबतो आणि त्यासरशी आपल्या कानावर पडणारं संगीतही थांबतं. पूर्ण शांतता. पडद्यामागची माणसं कान टवकारून उभी. मग एकाएकी सगळ्यांचे चेहरे फुलतात. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झालाय, हे आपल्याला त्या चेहऱ्यांवरून कळतं. टाळी एकही ऐकू येत नाही.

२०११ साली मूकपट काढायचा म्हणजे निव्वळ हौस, असं ज्याला वाटत असेल त्याने हा एवढा प्रसंग पाहावा. बोलपटातले संवाद पुसून टाकले की मूकपट होत नाही. आवाज कुठे नसावा, संगीत कुठे तोडावं, नजर कुणाच्या चेहऱ्यावर ठेवावी, हे सगळं आधी ठरवावं लागतं. ‘द आर्टिस्ट’चं लेखन-दिग्दर्शन करणाऱ्या मिशेल अझानाविस्युस यांनी ते शंभर मिनिटांत बहुतेक ठिकाणी नेमकं ठरवलंय. जिथे चुकलंय तिथे का चुकलं हेही शिकण्यासारखं आहे.

तपशील थोडक्यात. फ्रेंच निर्मिती, चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये, कृष्णधवल, लांबी १०० मिनिटं. जॉर्ज व्हॅलेंटिनच्या भूमिकेत ज्याँ द्युजार्दँ, पेपी मिलर म्हणून बेरेनीस बेजो, स्टुडिओमालक जॉन गुडमन, इमानी ड्रायव्हर जेम्स क्रॉमवेल. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, संगीत आणि वेशभूषा अशी पाच ऑस्कर. द्युजार्दँला त्याआधी कान महोत्सवातही अभिनयाचं पारितोषिक मिळालं होतं. गोष्ट १९२७ ते १९३२ या पाच वर्षांची: मूकपटाचा राजा असलेला जॉर्ज बोलपटाला हसतो आणि बघता बघता रस्त्यावर येतो, त्याच्याच सिनेमात गर्दीतली पोरगी म्हणून आलेली पेपी बोलपटाची राणी होते. कथा एवढीच. नवीन काही नाही आणि तसा दावाही नाही.

कोल्हापूरकरांनी या वर्षांकडे जरा लक्ष द्यावं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० चा, ‘सावकारी पाश’ १९२५ चा. हॉलीवूडमध्ये बोलपटाने मूकपटाला जवळजवळ हद्दपार केलं ते १९२९ साल, आणि त्याच सालच्या १ जूनला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली, ती मूकपट करण्यासाठी. ‘गोपाळकृष्ण’पासून पुढची दोन-अडीच वर्षं ‘प्रभात’चे पडदे मुकेच होते. ‘आलम आरा’ मार्च १९३१ मध्ये आला आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ बोलला. म्हणजे पडद्यावर जॉर्जची गोष्ट जिथे संपते त्याच वर्षी आपल्या गावातल्या कंपनीने हा उंबरा ओलांडला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’मध्ये होते. संगीत नाटकाची परंपरा पाठीशी असलेल्या या गावाला गळ्याची वाण नव्हती, त्यामुळे आवाज आला तेव्हा इथे दारं बंद होण्याऐवजी उघडली. जॉर्जचं दुःख समजून घेताना हा फरक लक्षात ठेवावा. पण महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट आज संपूर्ण स्वरूपात जवळजवळ पाहायलाच मिळत नाहीत. आपल्याकडे त्यांची नावं, छायाचित्रं, पोस्टरं आणि आठवणी आहेत. चालता मूकपट मोठ्या पडद्यावर, भरल्या सभागृहात बघताना काय होतं, हे कळायला नाइलाजाने असा नवा सिनेमा लावावा लागतो.

आता कारागिरीकडे.

सर्वांत आधी वेग. कॅमेरामन गिय्योम शिफमान यांनी हा सिनेमा सेकंदाला २२ फ्रेम, म्हणजे २२ स्थिर चित्रं, या वेगाने घेतला आणि तो दाखवला जातो नेहमीच्या २४ ने. हिशेब सोपा आहे: कलाकाराने ६० सेकंदांत केलेली कृती पडद्यावर ५५ सेकंदांत उरकते. हा फरक डोळ्याला ‘वेगवान’ म्हणून जाणवत नाही, पण चालण्यात, वळण्यात, टोपी काढण्यात एक चटपटीतपणा येतो. हाताने हँडल फिरवून काढलेल्या जुन्या चित्रपटांत तो आपोआप असायचा. तेव्हाच्या कॅमेऱ्याला एका फेऱ्यात ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम हा ढोबळ हिशेब. पण कॅमेरामनचा हात कमीजास्त व्हायचा, थेटरातला ऑपरेटरही आपल्या मर्जीने वेग ठेवायचा. तीच १६ ची फिल्म पुढे २४ वर चालवली की ६० सेकंदांचं काम ४० सेकंदांत होतं आणि माणसं खेळण्यातल्या बाहुल्यांसारखी धावतात. मूकपट म्हणजे तुरुतुरु पळणारी माणसं हा समज या चुकीच्या वेगाने पसरवला. त्या काळच्या प्रेक्षकाला तसं दिसत नव्हतं. २२ चा आकडा निवडून या मंडळींनी जुन्या काळाची चुणूक ठेवली आणि टिंगल टाळली. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

दुसरी गोष्ट कृष्णधवल छटांची. चित्रीकरण रंगीत निगेटिव्हवर झालं आणि रंग नंतर काढून टाकले. त्यामुळे करड्या रंगाच्या मधल्या छटा भरपूर आणि मऊ आहेत, चेहऱ्याभोवती उजेडाची हलकी साय आहे. सुंदर दिसतं, यात वाद नाही. पण मूकपट असेच दिसायचे असं मनात धरून कुणी बाहेर पडू नये. १९२० च्या सुमाराची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला लाल रंग दिसत नसे आणि निळा फार दिसे. परिणामी लाल ओठ काळे पडायचे, निळं आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं यायचं, गोऱ्या चेहऱ्यावरची तांबूस झाक डागासारखी उठायची. म्हणून तेव्हाचा मेकअप तो तसा जाड. त्या फिल्मचा एक फायदा होता: लाल दिव्याच्या उजेडात ती धुता यायची, त्यामुळे धुणाऱ्याला चित्र किती उमटलंय ते डोळ्याने पाहता यायचं. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली ती विशीच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा १९२७ नंतरच्या हॉलीवूडची गोष्ट सांगणाऱ्या या सिनेमाला पॅनक्रोमॅटिक रूप शोभतं. ‘सैरंध्री’ मात्र असा दिसला नसणार.

आणि रंगाचंच निघालं आहे तर एक तक्रार. मूकपटाच्या प्रिंटा बऱ्याचदा पूर्ण कृष्णधवल नसत. रात्रीच्या प्रसंगाची फिल्म निळ्या रंगात बुडवायची, दिव्याच्या उजेडाची पिवळसर, आगीची लाल. हा तर त्या काळाच्या नेत्रसुखाचा मोठा भाग. इथे एक जबरदस्त आगीचा प्रसंग आहे. तिथे दोन मिनिटं लाल छटा आणली असती तर जाणकार उठून उभे राहिले असते आणि नवख्यालाही काहीतरी नवं दिसलं असतं. दिग्दर्शकाने ती संधी घेतली नाही.

त्या आगीबद्दल जास्त सांगायला हवं, कारण ती नुसती नाट्यासाठी नाही. जॉर्ज वैतागाच्या भरात घरातली स्वतःची रिळं ओढून काढतो आणि काडी लावतो. क्षणात खोली धुराने भरते. हे अतिरंजित वाटेल, पण तेव्हाची नायट्रेट फिल्म अशीच पेटते. तिला जळायला लागणारा प्राणवायू तिच्या घटकांतच असतो, म्हणून पाणी ओतून, वाळू टाकून ती विझत नाही, आणि तिचा धूर विषारी असतो. न पेटताही ती टिकत नाही: दमट आणि उबदार हवेत आधी चित्र फिकटतं, मग फिल्म चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. शिवाय जुनी प्रिंट म्हणजे अडगळ समजून तिच्यातली चांदी काढून विकण्याचीही पद्धत होती. हजार फुटांचं एक रीळ, त्यात १६ हजार फ्रेम, आणि एका माणसाच्या रागाने किंवा एका कोठीच्या दुर्लक्षाने ते संपतं. जॉर्ज मात्र एक डबा छातीशी घट्ट धरून बसतो. त्या डब्यात काय आहे ते सिनेमात बघा. पुढच्या वीस मिनिटांचं सगळं त्यावर उभं आहे. ‘सावकारी पाश’चा मूकपट गेला आणि पेंटरांनी १९३६ मध्ये केलेली बोलपट आवृत्ती मागे राहिली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रसंग निवांतपणे बघता येणार नाही.

संवाद लिहून दाखवणाऱ्या पाट्यांचा वापर फार कसोशीचा आहे. पात्रं बरंच बोलतात, ओठ हलतात, पण पाटी येते ती चार-पाच वाक्यांमागे एकदा. बाकीचं आपण चेहऱ्यावरून समजून घ्यायचं, आणि समजतं. सुरुवातीलाच जॉर्जच्या सिनेमातल्या सिनेमात त्याला विजेचे झटके देऊन बोलतं करायचा प्रयत्न चाललाय आणि पाटी येते: मी बोलणार नाही, एक शब्दही बोलणार नाही. प्रेक्षक हसतो. पुढच्या शंभर मिनिटांचं सूत्र त्या पाटीवर लिहून ठेवलेलं असतं. शेवटाकडे आणखी एक पाटी येते, तिच्यावर एकच शब्द, तोही एका आवाजाचा. त्या वेळी दोन ठिकाणी दोन गोष्टी चालू असतात आणि आवाज कुठला आला हे पाटी सांगत नाही. बोलपटात हा पेच टाकताच येणार नाही, कारण आवाज कानावर पडला की कान लगेच ओळखतो. मूकपटाच्या उणिवेतून एवढी ताण देणारी जागा काढणं, याला माध्यम समजलेला माणूस लागतो.

स्वप्नाचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. जॉर्ज मेकअपच्या टेबलावर पेला ठेवतो आणि पेल्याचा आवाज येतो. तोवर आपला कान संगीताला इतका सरावलेला असतो की तो ‘टक्’ अंगावर येतो. मग फोन वाजतो, कुत्रा भुंकतो, बाहेर पोरी खिदळतात. सगळ्याला आवाज आहे, फक्त जॉर्जच्या तोंडून काही फुटत नाही. वरून एक पीस तरंगत खाली येतं आणि जमिनीला टेकताना ते जो आवाज करतं, तो इथे लिहून कळणार नाही. दिग्दर्शक आवाजाचा पत्ता एकदा इथे टाकतो आणि मग थेट शेवटी.

जिन्याचा प्रसंगही थांबवून पाहण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगमधला लोखंडी कठड्यांचा जिना, १८९३ ची इमारत. पेपी वर चाललीय, जॉर्ज खाली उतरतोय, मध्येच दोघं भेटतात आणि उभे राहून बोलतात. ती दोन पायऱ्या वर, तो खाली. मागे तीन-चार मजल्यांवर माणसांची ये-जा सुरूच. कुणाचं नशीब कुठे चाललंय हे कोणत्याही पाटीशिवाय कळतं. चौकट जवळजवळ चौरस असल्याचा फायदा इथे उठून दिसतो: आडव्या, रुंद पडद्यावर एवढे मजले एका चित्रात मावले नसते.

अभिनयात द्युजार्दँला शंभरपैकी शंभर. त्याचं हसू रुंद आहे, मिशी कोरलेली आहे, आणि तो दोन प्रकारचा अभिनय वेगळा ठेवतो. सिनेमातल्या सिनेमात भुवया उंचावून, छाती पुढे काढून. कॅमेरा बंद झाल्यावर निम्म्यावर आणून. हा फरक पहिल्या पाहण्यात निसटतो. नाचाच्या दृश्याचे एकामागून एक टेक चालू असताना तो पेपीला धरून जरासा जास्त रेंगाळतो, हसायचं विसरतो, आणि प्रेम जमल्याचं आपल्याला कळतं. बेजोचा सर्वोत्तम क्षण तिच्या एकटीचा: जॉर्जच्या खुंटीवर टांगलेल्या कोटाच्या बाहीत ती स्वतःचा एक हात घालते आणि तोच हात तिच्या कमरेभोवती येतो. कोट रिकामा, पण मिठी खरी. अगी नावाच्या कुत्र्याने यात किती लोकांची मनं जिंकली ते वेगळं सांगायला नको. आगीच्या प्रसंगात त्याच्यावर कथेचा भार आहे आणि तो नीट पेलतो.

वेशभूषेला मिळालेलं ऑस्कर योग्य वाटतं. रंग नसताना कापड बोलतं ते पोताने आणि चकाकीने. मखमल उजेड पिते, साटीन परत फेकतं, टिकल्या फ्रेमभर लुकलुकतात. पेपीचे सुरुवातीचे साधे कपडे आणि नंतरचे लखलखते यांतला प्रवास डोळ्याला सरळ दिसतो.

आता जिथे अडतं ते. मधला भाग रेंगाळतो. जॉर्जची घसरण सुरू झाल्यावर तोच तो उतार तीन-चार वेगवेगळ्या प्रसंगांनी सांगितला जातो: दारू, लिलाव, गहाण, पुन्हा दारू. साधारण पंधरा मिनिटं कमी करता आली असती. जॉर्जची बायको डोरिस पात्र म्हणून उभीच राहत नाही. नाश्त्याच्या टेबलावर नवऱ्याच्या फोटोंना मिशा-दात रंगवत बसणं एवढंच तिच्या वाट्याला आलंय. ल्युडोव्हिक बूर्स यांचं संगीत बहुतांश उत्तम आहे, पण शेवटच्या ताणाच्या वेळी त्यांचं संगीत बाजूला ठेवून बर्नार्ड हर्मन यांनी ‘व्हर्टिगो’साठी केलेला तुकडा लावलाय. श्रेय दिलेलं आहे, म्हणजे चोरी नाही. तरी ‘व्हर्टिगो’ पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी दुसराच सिनेमा उभा राहतो. त्या चित्रपटाच्या नायिका किम नोवाक यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला होता. त्यांचे शब्द फार कडक होते, पण मुद्दा बरोबर होता: मूकपटात संगीत हाच आवाज, आणि कळसाला आवाज उसना घेऊ नये.

एक वाद सोडवून टाकू. कमल हासनचा ‘पुष्पक’ (१९८७) हाही मूकपट ना, असं अनेक जण म्हणतात. त्यात संवाद नाहीत, पण दार वाजतं, घड्याळ टिकटिकतं, रस्ता ऐकू येतो. तो संवादाशिवायचा बोलपट आहे आणि आपल्या जागी अव्वल आहे. ‘द आर्टिस्ट’मध्ये त्या जगाचा आवाजच काढून घेतलाय. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) तर रंगीत आणि बोलका. फाळके पहिला मूकपट कसा करतात याची ती गोष्ट आहे. एकाच दिवशी दोन सिनेमे लावायचे असतील तर सकाळी परेश मोकाशींचा आणि संध्याकाळी अझानाविस्युस यांचा लावावा. एकात मूकपटाचा जन्म, दुसऱ्यात अस्त. दोन्ही बघणारा मधली वीस वर्षं आपोआप विचारायला लागतो, आणि त्या वीस वर्षांत कोल्हापूर ठासून भरलेलं आहे.

पाचपैकी चार तारे. अर्धा मधल्या रेंगाळण्यासाठी कापला, अर्धा त्या उसन्या संगीतासाठी.

दाखवताना काय बिघडतं

हा सिनेमा वाईट दाखवला तर तो वाईटच दिसतो. गल्लीतलं मंडळ असो, कॉलेज असो, फिल्म सोसायटी असो की घरचा टीव्ही, पुढच्या गोष्टी आधी तपासा.

चौकटीपासून सुरुवात करा. चित्र ४:३ च्या जवळचं आहे आणि आजचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर १६:९. म्हणजे रुंदीच्या फक्त तीन चतुर्थांश भागात चित्र येणार आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणार. पडदा १२ फूट रुंद असेल तर चित्र ९ फूट, आणि दोन्हीकडे दीड-दीड फूट काळं. हे बघून कुणीतरी हमखास रिमोट उचलतो आणि ‘झूम’ किंवा ‘वाइड’ दाबतो. झूम केलं की उंचीतला चौथा हिस्सा कापला जातो: जिन्यातले मजले जातात, डोकी जातात, पाट्यांची पहिली-शेवटची ओळ जाते. ‘वाइड’ने ताणलं की सगळी माणसं जाडी होतात. ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ ठेवा. प्रोजेक्टरचा काळा रंग पुरता काळा नसतो, त्यामुळे बाजूच्या पट्ट्या राखाडी चमकतात आणि डोळा तिकडे ओढतो. दोन्ही बाजूंना दीड फुटाचं काळं, न चमकणारं कापड चित्राच्या कडेपर्यंत ओढून घ्या. खर्च किरकोळ, फरक मोठा.

टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. ती बंद करा. टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसवतो आणि २२ च्या वेगाने मिळवलेला तो चटपटीतपणा मालिकेसारखा सपाट होतो. ‘व्हिव्हिड’ मोडही नको. त्यात मधल्या करड्या छटा मरतात, शर्ट पांढरे फटक आणि कोट काळे ठोक होतात. रंगतापमान ‘वॉर्म’ ठेवा. चित्राला हिरवट किंवा गुलाबी झाक दिसली तर रंगाची पट्टी शून्यावर आणून उपयोग होत नाही, कारण दोष सिग्नलमध्ये नसून पांढऱ्याच्या समतोलात असतो. पाटीवरची पांढरी अक्षरं पडद्यावर थांबवून समतोल तिथून जुळवा.

डीव्हीडी लावणार असाल तर लांबी पाहा. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने पळतो. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, संगीताची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि ६० सेकंदांचा नाच ५३ च्या आत उरकतो. शेवटचा टॅप डान्स तेव्हा घाईचा वाटू लागतो. ब्लू-रे किंवा चांगल्या प्रतीचं स्ट्रीमिंग मिळत असेल तर तेच घ्या.

आवाज ही सर्वांत नाजूक बाब. बहुतेक ऑपरेटर सुरुवातीच्या दणदणीत वाद्यवृंदावर आवाज लावतात, मग तो मोठा वाटतो म्हणून कमी करतात, आणि पेल्याचा तो ‘टक्’ मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. उलट करा. आधी स्वप्नाचा प्रसंग काढा, सभागृहातले पंखे सुरू ठेवा, एक माणूस शेवटच्या रांगेत बसवा. पेला त्याला स्पष्ट ऐकू आला की आवाजाची खूण तिथे पक्की करा, आणि मग सुरुवातीचं संगीत फार मोठं तर होत नाही ना ते बघा. आवाज आपोआप सारखा करणारी किंवा ‘नाइट मोड’ची सोय बंद असली पाहिजे, ती शांत जागेत खरखर वर आणते आणि मोठ्या जागेत संगीत दाबते. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखे आणि कूलर बंद ठेवता येत नाहीत, म्हणून पत्र्याच्या छपराचा हॉल असेल तर हा खेळ हिवाळ्यात किंवा सकाळी ठेवलेला बरा. पावसाळ्यात तर पत्र्यावरचा पाऊसच सगळ्यात मोठा वाद्यवृंद होतो. प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मधोमध नको, त्याचा पंखा शांततेच्या जागी कानात बसतो.

खेळाआधी एक वाक्य सांगाच: आवाज बंद पडलेला नाही, सिनेमाच असा आहे. इंग्लंडमध्ये काही प्रेक्षकांनी संवाद नाहीत म्हणून तिकिटाचे पैसे परत मागितल्याची बातमी तेव्हा गाजली होती. पाट्या इंग्रजीत आहेत, छोट्या आहेत, फार वेळ टिकत नाहीत. आपल्याकडच्या मूकपटांत एकाच पाटीवर दोन-तीन भाषा असायच्या आणि वाचता येणारा शेजाऱ्याला वाचून दाखवायचा. इथे मोठ्याने वाचू नका, शांततेच्या जागा फुटतील. शाळेतल्या मुलांसाठी पाट्यांचा मराठी तर्जुमा एका कागदावर क्रमाने छापून आधी वाटा. हताश नायक जिवावर उदार होतो असा प्रसंग आहे, तेव्हा सातवी-आठवीच्या खालची मुलं नकोत. मध्यंतर देऊ नका. संगीताचा धागा तुटला की परत जुळायला दहा मिनिटं जातात. चहा आधी किंवा नंतर.

शेवटचं दिवे लावणाऱ्या माणसाला सांगायचं. नाच संपला की बरेच जण सिनेमा संपला समजून उठतात आणि दिवे लागतात. तेव्हाच खरी गंमत सुरू होते: धापा टाकणारे श्वास ऐकू येतात, दिग्दर्शकाचा आवाज येतो, आणि पूर्ण सिनेमाभर गप्प राहिलेला जॉर्ज दोनच शब्द बोलतो. त्याचा उच्चार कान देऊन ऐका. बोलपटाला तो का घाबरत होता ते तिथे समजतं. आपल्याकडे मूकपटांच्या नायिका सुलोचना म्हणजे रुबी मायर्स यांची गाडीही हिंदुस्थानी नीट येत नसल्यामुळे काही काळ अडली होती. त्या भाषा शिकून परत आल्या. त्या दोन शब्दांनंतर स्टुडिओचा सगळा कलकलाट कानावर येतो: हाका, पावलं, सामान सरकवल्याचा आवाज, पुन्हा टेक घ्यायची तयारी. तो आवाज पूर्ण थांबून नावांची यादी सुरू होईपर्यंत बटणाला हात लावू नका.